एकावर एक चढलेले आवाज

आमच्या इस्पितळात संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे कमांडर म्हणत. तो लष्करात वगैरे नव्हता. माउसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटायचं, त्यावरून पडलेलं नाव ते. काळी खिडकी उघडायची, तिच्यात पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचा, एन्टर मारायचं आणि खुर्चीत मागे रेलायचं. बाजूला कोणी बघायला उभं असलं की रेलणं जरा जास्तच. "माउस म्हणजे कुबडी," असं तो मोठ्याने म्हणायचा. त्याच्या दारावरून दिवसभर कुबड्या घेतलेली माणसं ये-जा करत असतात, हे त्याच्या गावीही नसायचं.

माझी खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे. भिंतींना जाड फोम, दाराला आतून गादी ठोकलेली, एक माइक, दोन खुर्च्या. घशाच्या दुखण्यामुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार असतं, त्यांना ऑपरेशनच्या आधी माझ्याकडे पाठवतात. मी त्यांचा आवाज साठवून ठेवते. पाणी द्या. दुखतंय. दार लावा. नको म्हटलं ना. मग घरच्यांची नावं, लाडाची नावं, हसणं, आणि ज्याला हव्या असतील त्याच्या शिव्याही. ऑपरेशन होतं, जखम भरते, आणि मग मी ते सगळं त्यांच्या फोनवर घालून देते. बटण दाबलं की त्यांचाच आवाज बोलतो. पहिल्यांदा बटण दाबताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पुष्कळदा पाहिलंय आणि मला त्याची सवय झालेली नाही.

प्रत्येक माणसाचा एक फोल्डर. फोल्डरच्या आतल्या फाइलींची संख्या आणि नावं मात्र सगळ्यांची सारखीच. एक नंबर म्हणजे "पाणी द्या", दोन नंबर म्हणजे "दुखतंय". फोनवरची बटणं त्या नंबरांवरच चालतात, त्यामुळे दुसरा उपाय नव्हता. नवा संगणक आला तेव्हा मी हे कमांडरला समजावून सांगितलं. बसून, शांतपणे.

"आतली नावं सगळीकडे तीच आहेत. फोल्डर वेगळे राहिले पाहिजेत. मिसळले तर संपलं."

तो हसला. "ताई, तुम्ही घसे बघा. डिस्क मी बघतो."

"नक्की ना?"

"अहो, कॉपी मारायची आहे. मेंदूचं ऑपरेशन नाही करायचं."

त्या दिवशी मी गप्प बसले. शेजारच्या खोलीत एक पेशंट वाट बघत होता.

आता मावशींबद्दल सांगते. बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायच्या त्या. उभं आयुष्य त्या काचेच्या केबिनमध्ये गेलं. शहरातल्या कोणालाही विचारा, चेहरा कोणी ओळखणार नाही, पण "गाडी सुटण्याच्या बेतात आहे, प्रवाशांनी आपापल्या जागेवर बसून घ्यावे" हे ऐकलं की माणसं अजून पिशव्या उचलून पळायला लागतील. माझ्या खोलीत पहिल्यांदा आल्या तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तुमचा आवाज तर स्टँडवर साठवलेलाच असेल."

"तो नोकरीचा आवाज," त्या म्हणाल्या. "इस्त्री केलेला. त्या आवाजात मी नवऱ्याला जेवायला वाढलं तर तो तिकीट काढेल."

घरचा आवाज त्यांना वेगळाच हवा होता. तो तेव्हा घोगरा झाला होता, मध्येच फाटायचा, पण त्यांचा होता. त्यांनी मुलीचं नाव घेतलं, नातीला "ढमे" म्हणून हाक मारली. लाडाची, दटावणीची, लांबून मारलेली, अशा तिन्ही तऱ्हांनी. जांभई दिली, ती पण ठेवा म्हणाल्या. दम लागायचा, थांबायच्या, गरम पाणी घ्यायच्या, पुन्हा सुरू. शेवटी नवऱ्याला, म्हणजे काकांना, बाहेर बसवलं, दार लावून घेतलं आणि त्यांच्यासाठी एक वाक्य बोलल्या. मला म्हणाल्या, "हे शेवटच्या बटणावर. त्यांना आधी सांगायचं नाही." ते वाक्य मी ऐकलं आहे. इथे लिहिणार नाही.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरली. मावशी आणि काका फोन घेऊन आले. गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला, त्याखाली श्वासासाठीचं भोक, अंगावर ठेवणीतले कपडे. काका तर दाढी घोटून आले होते. मी गेल्याच आठवड्यात सुट्टीवरून परतले होते आणि नव्या संगणकावर माझं हे पहिलंच फोनचं काम.

मी उघडलं, तर फोल्डर एकच. आत नंबराच्या फाइली ओळीने. मला वाटलं, कमांडरनेच मावशींचा फोल्डर वेगळा काढून समोर ठेवला असेल. दुसऱ्या कशाची शंकासुद्धा आली नाही. त्या वाट बघत होत्या, मीही उतावीळ झाले होते. फाइली फोनवर गेल्या. मी फोन त्यांच्या हातात दिला.

मावशींनी एक नंबर दाबला.

"पाणी द्या," एक म्हातारा पुरुष म्हणाला.

मावशी हसल्या. आवाज न करता, खांदे हलवून. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. त्यांनी दोन नंबर दाबला. तोच म्हातारा. मग त्यांनी वाट पाहिलीच नाही, बोट सरकवत थेट शेवटच्या बटणावर गेल्या, काकांकडे एकदा बघितलं आणि दाबलं. फोनमधून तो म्हातारा खोकला आणि म्हणाला, "झालं का? बंद करा आता."

काका माझ्याकडे बघत राहिले. "ताई, हे कोण?"

तो म्हातारा माझ्या यादीतला शेवटचा माणूस होता. पूर्वी वॉचमन होता. मी दुसरे फोल्डर शोधले. सगळा संगणक धुंडाळला. नव्हतेच. जो होता तो एकटा वॉचमन.

मी त्यांना "आलेच" म्हणाले आणि जिना चढले. पायऱ्या कशा संपल्या ते कळलं नाही.

कमांडर चहा पीत होता. मी विचारलं, फोल्डर कुठे आहेत? त्याने काळी खिडकी उघडली, काहीतरी लिहिलं, पडद्यावर ओळी आल्या. त्याने त्या वाचल्या, पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा त्याच ओळी आल्या. कप खाली ठेवला.

"अच्छा," तो म्हणाला. "सगळ्या फाइलींची नावं सारखी होती ना."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो, म्हणजे... मी फोल्डर नाही घेतले, फोल्डरच्या आतलं घेतलं. प्रत्येक फोल्डरमधलं आतलं, एकाच जागी. ती जागा मी एकच दिली. त्यामुळे ते एकमेकांवर गेलं."

"गेलं म्हणजे?"

"ओव्हरराइट झालं."

"म्हणजे तू एकाच पाटीवर एकामागून एक माणूस लिहीत गेलास, आधीचा पुसून." मी त्याला 'तू' कधी म्हणायला लागले ते मलाच कळलं नाही. "आणि शेवटचा तेवढा उरला."

"तसं म्हणता येईल. पण ताई, कमांडची त्यात चूक नाही. तिला जे सांगितलं ते तिने केलं."

"तिला सांगितलं कोणी?"

तो पुन्हा पडद्यावरच्या ओळी वाचायला लागला.

"जुना संगणक कुठे आहे?"

जुना संगणक त्याने पुसला होता. साधा नाही, पार घासून. पेशंटची खाजगी माहिती असते म्हणून तसा नियमच आहे, आणि नियम तेवढा त्याने अगदी काटेकोर पाळला होता. मग रोजची राखीव प्रत? ती तर आपोआप निघते. हो, आपोआपच निघाली होती. नव्या जागी जे दिसलं त्याची हुबेहूब प्रत काढली आणि जे दिसलं नाही ते आपल्याकडूनही काढून टाकलं. वॉचमनकाका आता दोन ठिकाणी सुखरूप होते.

"उघडून एक तरी फाइल ऐकलीस का?" मी विचारलं. "एक? कोणाची पण?"

"एरर आला नव्हता," तो म्हणाला. आणि मग, मला हे आयुष्यात विसरता येणार नाही, तो म्हणाला, "नावं वेगळी दिली असती तर हे झालंच नसतं. पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

माझ्या हातात त्याचा चहाचा कप कसा आला माहीत नाही. फेकला नाही. टेबलावर ठेवला, पण असा ठेवला की चहा त्याच्या कीबोर्डवर गेला. मुद्दाम नव्हतं असं म्हणणार नाही.

पाच मिनिटांत मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या घसा विभागाचे प्रमुख. ऑपरेशनला हात सोन्याचा, हे मी शत्रूलाही सांगेन. बाकी माणूस गुळगुळीत.

"बसा," ते म्हणाले. "शांत व्हा. कोणी दगावलंय का?"

"नाही."

"मग? वाईट झालं, मान्य आहे. यंत्र आहे, होतं. पण बाहेर बोभाटा नको. त्या बाईंना सांगा, दुखण्यामुळे आवाज आधीच खराब झाला होता, त्यामुळे रेकॉर्डिंग नीट उतरलंच नाही. त्यांना पटेल. आणि फोनमध्ये कंपनीचा तयार आवाज घालून द्या. हल्ली फार गोड आवाज असतात."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मावशी दम खात, गरम पाणी घेत, फाटक्या आवाजात बोलल्या होत्या. आणि आता त्यांनाच सांगायचं की तुमचाच आवाज उमटला नाही. दोष तुमच्याच गळ्याचा.

"मी हे सांगणार नाही," मी म्हटलं.

"मग काय सांगणार आहात?"

"झालं ते."

"आवाज खाली ठेवा."

"का? माझा आहे तोवर वापरते."

मी दार आपटून निघाले. त्या दाराला वरून हळू बंद करणारी दांडी आहे, त्यामुळे ते आपटलंसुद्धा नाही. फुस्स करून सावकाश मिटलं. त्याचाही राग आला.

खाली खोलीत मावशी आणि काका तसेच बसले होते. मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि सांगितलं. तुमचा आवाज नीट उतरला होता, सगळाच्या सगळा, जांभईसकट. नव्या संगणकावर नेताना आमच्या माणसाने तो पुसला. मी फोन भरायच्या आधी ऐकून बघायला हवं होतं, तेही झालं नाही. परत मिळणार नाही.

काका म्हणाले, "काहीच नाही?"

"नाही, काका."

मावशींच्या मांडीवर लिहायची छोटी पांढरी पाटी होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं आता रडतील, आणि तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एकच शब्द लिहिला: "कोण?"

मग आम्ही तिघं वर गेलो. मावशी पुढे, जिन्यात थांबत, रुमालाआडून श्वास घेत. काका म्हणत होते, "अगं जाऊ दे, तुला दम लागतोय." त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

कमांडर कीबोर्ड उलटा करून पुसत होता. दारात मावशींना बघून उभा राहिला आणि बोलायला लागला. धडाधड. सर्व्हर, डिरेक्टरी, पाथ, वाइल्डकार्ड, पॉलिसी. अपुरा स्टाफ. जुनं हार्डवेअर. मी मध्ये पडणार होते, मावशींनी हात करून मला थांबवलं. त्या पूर्ण ऐकत होत्या. तो दमला, थांबला, तेव्हा त्यांनी लिहिलं आणि पाटी त्याच्यासमोर धरली.

"यातलं मला काही कळलं नाही. साध्या भाषेत सांगा. काय केलंत?"

तो म्हणाला, "डेटा मायग्रेशनमध्ये..."

मावशींनी पेनाने पाटीवर ठक्‌ केलं. "साध्या" या शब्दाखाली रेघ.

"मी... फाइली कॉपी करताना..."

ठक्‌.

"मी तुमचा आवाज दुसऱ्याच्या आवाजाखाली घातला," कमांडर म्हणाला. तोंडातल्या तोंडात.

मावशींनी लिहिलं: "ऐकू आलं नाही. मोठ्याने. शेवटचा शब्द खाऊ नका." आयुष्यभर माइकसमोर बसलेली बाई ती. त्यांनी त्याला ताठ उभं राहायला लावलं. बोटाने हनुवटी वर करायची खूण केली. त्याने पुन्हा सांगितलं. शब्द खाल्ला, पुन्हा ठक्‌. एव्हाना बाहेर माणसं जमली होती, नर्स होत्या, कुबडीवाला एक जण होता, आणि गर्दीमागे मोठे डॉक्टरही येऊन उभे होते.

"मी मावशींचा आवाज पुसला," कमांडर म्हणाला. या वेळी स्वच्छ. "ताईंनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. कॉपी झाल्यावर उघडून बघितलं नाही. न बघताच जुनं पुसलं. नावांचा दोष नव्हता."

त्याचे कान लाल झाले होते. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता पाटीवर काहीतरी मोठं येईल. त्यांनी पाटी पुसली, पेनाला टोपण लावलं आणि निघाल्या. जिना त्या कठडा धरून, एकेक पायरी करत उतरल्या.

बाकीच्यांना मी फोन लावले. बऱ्याच जणांच्या फोनवर त्यांचा आवाज आधीच गेलेला होता, ते वाचले. एकाचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्याला पुन्हा बोलावून बोलतं केलं. मावशींसारखे हात रिकामे राहिलेले आणखी दोघं निघाले. एकाच्या बायकोने मला फोनवर जे ऐकवलं ते मी मुकाट्याने ऐकलं. मग फोन कमांडरकडे दिला. ते ऐकणं त्याच्या वाट्याचं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. घरी नवरा म्हणाला, "किती दिवस धुमसणार आहेस? झालं ते झालं." मी म्हटलं, आपल्या लेकीची लहानपणीची बडबड तुझ्या फोनवर आहे ना, आण, पुसून दाखवते, मग सांग झालं ते झालं.

मावशींची मुलगी आली ती फोन घेऊन. "आईचे जुने आवाजी निरोप आहेत माझ्याकडे. माझ्या नवऱ्याकडेही आहेत. चालतील?"

चालतील काय! पण ते कमांडरच्या हाती द्यायचे नव्हते. मी स्वतः काळी खिडकी शिकले. पुस्तक आणलं, चुकत बसले. फार काही नसतं हो त्यात. सीपी, म्हणजे कॉपी, असं लिहायचं, मग कुठून, मग कुठे. फोल्डरसकट न्यायचं तर एक अक्षर जास्त. आणि आणखी एक अक्षर असतं, बारीकसा आय. तो जोडला की कोणत्याही फाइलवर दुसरी चढवण्याआधी संगणक थांबतो आणि विचारतो, चढवू का? हो म्हणाल तरच चढवतो. एक अक्षर. एवढ्यावर वाचले असते सगळे. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून खोलीत नुसती फेऱ्या मारत होते.

निरोप ऐकले आणि दुसरीच गंमत कळली. मावशींचं प्रेम उतू जायचं तेव्हा त्या फुलाचं चित्र पाठवायच्या. बोलून पाठवायच्या ते फक्त रागावल्यावर. त्यामुळे उरला तो सगळा राग. "फोन का उचलत नाहीस?" "पोरीला टोपी घातलीस का नाही?" "मी काय वेडी आहे म्हणून बोलते?" आवाज मात्र जुना, भरदार, दुखण्याच्या आधीचा. माझ्याकडे होता त्याहून चांगला. मी एकेक तुकडा कापला, नंबर दिला, फोनवर घातला आणि प्रत्येक उघडून ऐकला. शेवटच्या बटणावर घालायला काही नव्हतं. ते कोरंच ठेवलं.

मावशींनी सगळी बटणं दाबून बघितली. काका म्हणाले, "चला, म्हणजे घरात काही बदललं नाही." आणि तोंड फिरवून रुमाल शोधायला लागले.

त्याच वेळी दार उघडलं. मोठे डॉक्टर, आणि त्यांच्यासोबत दुसऱ्या इस्पितळातून पाहणीला आलेले चार-पाच जण. डॉक्टरांना आम्ही आत असू असं वाटलं नसावं, पण ते सावरायला पटाईत. "आणि हे आमचं आवाजघर," ते म्हणाले. "इथे एकही आवाज वाया जात नाही. या आमच्या पेशंट. बघा, किती समाधानी आहेत."

मावशींनी फोन उचलला. बोट खालीवर नेलं, हवं ते सापडलं. जावयाने कधीतरी तीनदा सांगूनही गॅसची नळी बदलली नव्हती, तेव्हा त्याला पाठवलेला निरोप होता तो.

"लाज नाही वाटत? धडधडीत खोटं बोलता माझ्या तोंडावर?"

फोमच्या भिंतींनाही तो आवाज गिळता आला नाही. गोल, खणखणीत, स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. पाहुण्यांतल्या एका बाई दचकून मागे सरकल्या. मोठ्या डॉक्टरांचं हसू तोंडावरच राहिलं, काढून कुठे ठेवावं ते त्यांना सुचेना.

"काय म्हणाल्या त्या?" मागच्या पाहुण्याने विचारलं. "कशाबद्दल?"

डॉक्टर म्हणाले, "काही नाही, चाचणी चालली आहे." मावशींनी तेच बटण पुन्हा दाबलं.

मी खुर्च्या पुढे ओढल्या. "बसा," मी पाहुण्यांना म्हटलं. "सांगते."